जिगरातली धग

उर्दूत ‘जिगर’ हा मोठा दिलदार शब्द आहे. जिवलग दोस्त तो जिगरी आणि धाडसी माणूस जिगरबाज. मराठीनेही हे दोन्ही शब्द आपलेसे केले आहेत. पण सातवीच्या वर्गात विज्ञान शिकवताना मी फळ्यावर ‘जिगर’ लिहिते, तेव्हा मुलींमध्ये हमखास हसू फुटते. मग खाटकाच्या दुकानातल्या कलेजीची आठवण करून द्यावी लागते. तेव्हा कुठे त्यांना पटते की हा शायरीतला शब्द नाही. हा पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड बसलेला, मोठ्या माणसात सुमारे दीड किलो भरणारा अवयव आहे.

हाच शब्द आजारपणात आला की मोहल्ल्याची नजर बदलते. ‘जिगर खराब’ म्हणजे पिणारा, असा सरळ हिशेब. माझे मामू 2022 साली लिव्हर सिरॉसिसने गेले. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. पुरशाला आलेल्या एका बाईने मुमानीच्या कानाशी लागून विचारले, “भाईसाब तो पक्के नमाजी थे, फिर जिगर कैसा गया?” मुमानीने उत्तर दिले नाही. दुपट्ट्याचा पदर तोंडावर ओढून घेतला.

हा प्रश्न एकट्या मोहल्ल्याचा नाही. डॉक्टरांनाही तो पडला होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली 20 रुग्णांची हकिकत छापली. यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हुबेहूब दारुड्याचे यकृत: चरबी, सूज, मेलेल्या पेशी. तिघांना तर सिरॉसिस झालेला. पण ही माणसे दारू पिणारी नव्हती. त्यांत बायका जास्त होत्या, बहुतेक जण स्थूल, पुष्कळांना मधुमेह. या नाव नसलेल्या आजाराला लुडविग यांनी नाव दिले, नॉन-अल्कोहोलिक स्टिएटोहेपॅटायटिस. त्या नावातही दारू राहिलीच, ‘नाही’ म्हणून का होईना. 2023 साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी नव्या नावातून दारू आणि चरबी हे दोन्ही शब्द काढले, कारण ते रुग्णाला लाज आणतात. त्यांना 43 वर्षे लागली. आमच्या मोहल्ल्याला किती लागतील, अल्लाह जाणे.

मला या आजारात चरबीपेक्षा सूज अधिक महत्त्वाची वाटते. वैद्यकाच्या उर्दूत तिला ‘सोजिश’ म्हणतात. सोज म्हणजे जळणे. मराठीत ‘दाह’, तोही जळण्याचाच. इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’च्या पोटातही ज्वाळाच आहे. तिन्ही भाषांना आग दिसली. चरबीला मात्र तिन्हींत चरबीच म्हणतात.

यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. साठलेला थेंब स्वतः फारसा उपद्रवी नसतो; ते एक प्रकारचे गोदाम आहे. पण गोदाम भरूनही माल येत राहिला, की उघड्यावर पडलेली मेदाम्ले पेशींना त्रास देऊ लागतात. पेशी फुग्यासारख्या फुगतात, काही मरतात. मरणाऱ्या पेशी इशारा सोडतात. यकृतात कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात, ते तो ऐकून ओरड करतात आणि रक्तातून आणखी शिपाई धावून येतात. पोटाच्या घेरातली चरबीही दाह वाढवणारी रसायने सोडते. आतड्याची भिंत सैल झाली, तर तिथल्या जंतूंचे विषारी अंश थेट यकृताच्या दारात पोहोचतात.

एरवी असा दाह जखम भरून विझतो. इथे रोज नवे सरपण पडते, म्हणून तो धुमसत राहतो. आमच्या इफ्तारच्या गोड सरबतातली साखरही त्या सरपणात धरा, कारण तिच्यातल्या फ्रुक्टोजची चरबी बनवण्याचे काम यकृतातच होते. मग यकृतातल्या ताराकृती पेशी बिघडतात. शांतपणे अ जीवनसत्त्व सांभाळणे हे त्यांचे काम, पण या धगीने त्या कोलॅजेनचे धागे विणू लागतात. हे व्रण वाढत गेले की मऊ कलेजीचा दगड होतो. सगळ्यांचे असे होत नाही. बहुतेकांची गाडी चरबीवरच थांबते. पुढे कोणाची जाईल, ते वरून दिसत नाही. यकृताच्या गाभ्याला वेदना कळत नाही, आणि सोनोग्राफी चरबी दाखवते, दाह दाखवत नाही.

मामूंच्या सोनोग्राफीवर ‘ग्रेड वन’ असे 2014 सालीच लिहिले होते. “हे सगळ्यांनाच असते,” असे त्यांना सांगण्यात आले, आणि कागद फाईलमध्ये गेला.

आता त्यांच्या मुलाच्या रिपोर्टवर तेच दोन शब्द आले आहेत. वय 29, वजन 61 किलो, काडीसारखा. मुमानी म्हणते, यंत्र चुकले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती, ती मी तिला समजावून सांगितली. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरात चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक माणूसही आतून जाडा असू शकतो.

मुमानीची चिंता वेगळी. बार्शीच्या स्थळाशी बात पक्की होत आली आहे. “लडकीवालों को मालूम हुआ तो?” लिव्हर हा शब्द कानावर पडताच ते काय समजतील, हे पुरशाच्या दिवशी तिने ऐकलेच आहे.

माझे तिच्याशी पटत नाही. जाड्या माणसाने सात ते दहा टक्के वजन उतरवले तर दाह शमतो, कधीकधी व्रणही मागे हटतात. बारीक माणसाला त्याहून कमी उतरवूनही फायदा होतो. 2024 साली अमेरिकेत या आजारावरचे पहिले औषध मंजूर झाले, पण या मुलाला आज औषध नको, तीन-चार किलो आणि रोजची चाल हवी. मामूंना कोणी हे सांगितले नव्हते.

यकृत किती कडक झाले आहे ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसाठी मी त्याला येत्या जुमेरातला घेऊन जाणार आहे. तो तयार आहे. रिपोर्ट मात्र मुमानीने कपाटात साड्यांखाली ठेवला आहे, आणि चावी तिच्या कमरेला आहे.