नुकतेच संपवलेले तीन गेम

"या वयात व्हिडिओ गेम?" असं विचारणाऱ्या समस्त नातेवाईकांना आधीच सांगून टाकते, होय, या वयात! भाच्याने दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर तीन गेम टाकून दिले आणि वर "मावशी, यात बंदूक घेऊन पळायचं नाहीये, तुला जमतील" असं सर्टिफिकेटही दिलं. गेल्या रविवारी तिसरा संपला. म्हटलं, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढावं. (गेमच्या गोष्टी थोड्याफार फुटणार आहेत. ज्यांना खेळायचेत त्यांनी आधी खेळून या.)

पहिला 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला, 2013 साली आलेला. काळ 1982चा, देश काल्पनिक, आर्स्टोत्झ्का नावाचा. तुम्ही सीमेवरच्या चौकीतले कारकून. समोर रांग. एकेक जण खिडकीत पासपोर्ट सरकवतो, तुम्ही फोटो, तारखा, शिक्के ताडून पाहायचे आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. बस्स, एवढाच गेम. माणशी पाच क्रेडिट पगार. त्यातून घरभाडं, जेवण, शेगडीचा खर्च आणि घरात कोणी आजारी पडलं तर औषध. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांवर नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात.

आता मी स्वतः गेली सव्वीस वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद तपासते. म्हणजे दिवसभर कागद तपासून घरी यायचं आणि करमणूक म्हणून परत कागद तपासायचे! भाच्याला फोन करून चार शब्द सुनावले. पण खरं सांगू? सोडवेना. एक माणूस येतो, त्याचे कागद चोख असतात. जाताना म्हणतो, मागून माझी बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नसतो. मी तिला आत सोडलं. लगेच मशीनमधून टर्रर्र करत ताकीदीची चिठ्ठी आली. गंमत म्हणजे पुढच्या माणसाकडे मी जास्त कडक नजरेने पाहायला लागले. एकाला दिलेली सूट दुसऱ्याकडून वसूल करायची, हा खिडकीमागच्या माणसाचा हिशेब त्या पोपला कुठून कळला कोण जाणे. खिडकीच्या अलीकडे बसल्याशिवाय तो सहसा कळत नाही.

दुसरा गेम त्याच माणसाचा, 2018चा, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. यात ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज 1803 साली बेपत्ता होतं आणि 1807मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर आपोआप परत येतं. वर जिवंत कोणीच नाही. तुम्हाला कंपनीने पाठवलंय, विम्यासाठी तपास करायला. (भाच्याने मुद्दाम निवडलेत की काय!) जहाजावरचे सगळे मिळून साठ जण. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, कोणामुळे झालं, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं, ते मृतदेहाजवळ धरलं की त्याच्या मरणाचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो. चित्रंही जुन्या कॉम्प्युटरवर असायची तशी, नुसती काळी-पांढरी.

कप्तान, त्याची बायको, अधिकारी हे सगळे पटकन ओळखू येतात. त्यांची नावं कोणीतरी घेतं. खालच्या खलाशांची नावं कोण घेणार? यादीत काही खलाशी हिंदुस्थानातले आहेत. त्यातले दोघं तर मोठे राडे व्हायच्या आधीच छातीच्या आजाराने जातात. आपल्या रत्नागिरीकडचे कितीतरी लोक पुढच्या काळात ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून गेले, त्यामुळे मी त्या दोघांपाशी जरा जास्तच थांबले. काही खलाशांची नावं लागली ती झोपायच्या झोळीवरच्या नंबरावरून. तो नंबर यादीतल्या नंबराशी जुळवायचा. एवढ्याशा चिठ्ठीसाठी अख्खी संध्याकाळ गेली, पण नाव सापडलं तेव्हा शप्पथ सांगते, खुर्चीतून उठून टाळी वाजवली. शेवटी तुम्ही भरलेल्या नोंदीवरून कंपनी कोणाच्या वारसाला भरपाई द्यायची, कोणाला दंड लावायचा ते ठरवते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल उघडली तेव्हा मी 'मयताचे नाव' हा रकाना नेहमीपेक्षा सावकाश वाचला.

तिसरा 'वेण्बा', 2023चा. दीडेक तासात संपतो. 1988 सालचं टोरांटो, नवीनच गेलेलं तमिळ जोडपं, मुलगा कविन. वेण्बा म्हणजे त्याची आई. तिच्याजवळ तिच्या आईची पाककृतींची वही असते, पण पानं फाटलेली, शाई पुसलेली. मधलं काय गळलंय ते आपण ओळखून रांधायचं. इडलीपात्रात वाफ सगळीकडे पोचायला ताटल्या कशा रचायच्या हे गेममध्ये कोडं म्हणून येतं. ते मी चुटकीसरशी सोडवलं, भाच्याला म्हणे वेळ लागला होता. :-)

पण पुढे कविन मोठा होतो, तमिळपासून लांब जातो, आणि एके दिवशी तीच वही त्याच्या हातात येते. त्याला ती धड वाचता येत नाही. इथे मात्र माझा कोडं सोडवायचा उत्साह गेला.

पहिल्या दोन गेममध्ये कागद अनोळखी माणसांचे होते. कागदावर जे नाही ते शोधायला मला मजा येत होती. आमच्या आईची वही माझ्या कपाटात आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. भाजणीच्या पानावर लिहिलंय, 'धणे दोन मुठी, बाजरी त्या पितळी वाटीने'. पितळी वाटी घर बदललं तेव्हाच मोडीत गेली. आणि मूठ? मूठ तर तिच्याबरोबरच गेली ना. ताईची नात अमेरिकेत वाढतेय, मराठी बोलते छान, पण अक्षर वाचता येत नाही. ती वही तिच्या हाती पडेल तेव्हा तिच्याकडे ते घड्याळ नसणार.

म्हणून गेल्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसतेय. बाजरीचा अंदाज तीनदा भाजणी करून लागला, तोंडाची चव अजून शाबूत आहे म्हणून. धण्यांचं जमत नाही, माझा हात बाबांवर गेलाय, पंजा मोठा.

ताई, तू हे वाचतेसच. तुझा हात आईचा आहे, सगळे म्हणायचे. तेव्हा पुढच्या वेळी येशील तेव्हा चहाच्या आधी दोन मुठी धणे मोजून दे. आणि नातीला फोनवर घेऊन बस, मी एकेक पान वाचून दाखवते. ती तिकडे तिच्या लिपीत लिहून घेईल.

भाचेबुवा, पुढचे गेम पाठवलेस तरी चालतील. फक्त यावेळी कागदपत्रं नकोत.