पाणी की मॅग्नेशियम?

लातूर पॅटर्नच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीतून आलेल्या मुलांचा हात विलक्षण जलद असतो. चार पर्याय समोर आले की पुढच्या क्षणी उत्तर तयार. या तयारीनं आमच्याकडची किती घरं वर आणली, हे मी पाहिलंय. तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण तीच मुलं पुढे नांदेडला, विष्णुपुरीच्या विद्यापीठात येतात आणि मी पडद्यावर आरएनएचा नकाशा उघडतो, तेव्हा तिथे कुणी पर्याय छापून ठेवलेले नसतात.

नकाशा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेचा. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, विखुरलेल्या ठिपक्यांची तीव्रता मोजायची. नकाशा काढायला त्या लहरींच्या फेजही लागतात; त्या मात्र मोजमापात हरवतात, वेगळ्या वाटेनं मिळवाव्या लागतात. आरएनएचं मुळात स्फटिक होणंच अवघड. साखळीतल्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार, त्यामुळे एक भाग दुसऱ्याला दूर लोटतो. त्यांना जवळ नांदवायला मॅग्नेशियम लागतं. यीस्टमधल्या फेनिलअॅलनिन टीआरएनएचे चांगले स्फटिक मिळाले तेही मॅग्नेशियम आणि स्पर्मिन यांच्या सोबतीनं. त्याच्या 76 न्यूक्लिओटाइडांची इंग्रजी एल अक्षरासारखी घडी 1974 साली 3 अँगस्ट्रॉमच्या बारकाव्यापर्यंत उलगडली: एमआयटीत अलेक्झांडर रिच आणि सुंग-हौ किम यांच्याकडे, केंब्रिजमध्ये अॅरन क्लुग यांच्या गटात.

मी वर्गात उघडतो ती याच रेणूची 2000 साली 1.93 अँगस्ट्रॉमवर पुन्हा सोडवलेली रचना. फॉस्फेटजवळ घनतेचा एक सुटा गोळा दिसतो. मुलं लगेच म्हणतात, "सर, पाणी." असेलही. पण क्ष-किरणांना फक्त इलेक्ट्रॉन दिसतात, आणि पाण्याच्या रेणूत ते दहा, मॅग्नेशियम आयनातही दहाच, सोडियम आयनातही दहाच. गोळ्याच्या उंचीवरून काही ठरत नाही. मग शेजारच्या ऑक्सिजनपर्यंतचं अंतर मोजायचं. 2.1 अँगस्ट्रॉमच्या आसपास भरलं आणि सहा बाजूंना सहा शेजारी काटकोनात बसले, तर मॅग्नेशियम. 2.4 च्या जवळ असेल तर सोडियमचा विचार करायचा. 2.8 भरलं तर बहुधा पाणी.

नकाशा 3 अँगस्ट्रॉमचा असेल तर हे शेजारी वेगळे दिसतच नाहीत. तिथे मॅग्नेशियम लिहिण्याचा मोह फार होतो, कारण आरएनएला ते लागतं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. मी मुलांना तिथेच थांबवतो. माहीत असणं आणि दिसणं यांत गल्लत झाली, तर पुढचा संशोधक त्या आयनावर एन्झाइमची अख्खी क्रिया रचून बसेल. म्हणून ती जागा रिकामी ठेवायची. सुरुवातीला मुलांना हे फार जड जातं; प्रश्न सोडून आल्यासारखं वाटतं.

रचना जाहीर करताना अणूंच्या जागांबरोबर मूळ मोजमापंही जमा करणं प्रोटीन डेटा बँकेनं 2008 पासून सक्तीचं केलंय. ती सगळ्यांना मोफत मिळतात. त्यामुळे लातूरच्या एखाद्या मुलीला घरच्या लॅपटॉपवर नकाशा नव्यानं काढून कुणाचंही मॅग्नेशियम तपासता येतं, मग ते नाव केवढंही मोठं असो.