चेंडू सुटतो ती वेळ

धर्मग्रामातील मुलांच्या खेळात धर्मगुरूने पंचाचे काम पत्करावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. आम्ही ते पत्करले आणि चुकलो. त्या चुकीची ही हकिगत आहे.

आमच्या मांजरीत एके काळी नजर पोहोचेल तिथवर ऊस आणि द्राक्षबागा होत्या. द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि साखरेची वसंतदादा संस्था आजही येथेच आहेत. परंतु २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले आणि त्याच्या आधीपासूनच शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. त्यातून शिल्लक राहिलेल्या एका पडीक रानात रविवारच्या मिस्सानंतर आमची मुले फुटबॉल खेळतात. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा, बांबूचे खांब, आणि कडेने झेंडा घेऊन धावणारे आम्ही. झेंडा म्हणजे काठीला बांधलेला जुना केशरी रुमाल.

शेजारच्या वस्तीतील संघाशी सामना होता. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झालेला, वेळ संपत आलेली. आमच्या संघातील एक सडपातळ मुलगा उजव्या अंगाने धावला, मागून सोबत्याने चेंडू लांब टोलवला, आणि क्षणार्धात तो मुलगा सर्वांच्या पुढे, गोलरक्षकासमोर एकटा! त्याने चेंडू शांतपणे आत सारला. आम्ही झेंडा वर केला. गोल रद्द झाला, आणि पेनल्टीच्या फटक्यांत आमची मुले हरली.

तो मुलगा आमच्याजवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, "फादर, त्यानं बॉल मारला तेव्हा मी मागं होतो."

"बाळ, आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले," असे उत्तर आम्ही दिले. तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो मिस्साला आला, मैदानावर आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. पंच आपल्याच धर्मग्रामाचे म्हणून आपल्या मुलांना झुकते माप देतात, असे कोणी म्हणू नये, ही काळजी त्या दिवशी आमच्या मनात आरंभापासून होती. निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेपायी माणूस आपल्याच माणसांवर अन्याय करू शकतो, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

नियमाचे आमचे ज्ञान सेमिनरीतील होते. नगर रस्त्यावरील त्या मैदानावर केरळचे, गोव्याचे, छोटा नागपूरचे, ईशान्येकडचे बंधू प्रत्येक आपापल्या भाषेत ओरडत, आणि सर्वांना समजणारा एकच शब्द होता, 'ऑफसाइड'! आम्ही बचावफळीत खेळत असू. प्रतिस्पर्धी आमच्या पुढे निघून गेला की हात वर करून तो शब्द उच्चारायचा, एवढेच आम्हांस माहीत. त्या शिदोरीवर तीस वर्षे निघाली.

पुढे एका कौटुंबिक कार्यासाठी कोल्हापूरला जाणे झाले. कुस्तीच्या या नगरीत तालमींनीच फुटबॉल वाढवला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची नावे तेथे फुटबॉलच्या संघांची नावे आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. यजमानांकडील एक तरुण आम्हांला शाहू स्टेडियमवर घेऊन गेला. पायऱ्यांवर शेजारी एक वृद्ध गृहस्थ कागदाच्या पुडीतले दाणे खात बसले होते. समोर एका खेळाडूला पंचांनी बिनदिक्कत पुढे जाऊ दिले, तेव्हा आमच्या तोंडून "ऑफसाइड!" निघून गेले. वृद्धाने आमच्याकडे जरा करुणेने पाहिले.

"बॉल सुटतोय तवा बघायचं, फादर. पोचतोय तवा न्हाई."

आणि त्यांनी दोन शेंगदाणे पायरीवर मांडले. एक गोलरक्षक, एक बचावपटू. बचावपटूच्या बरोबरीला एक टरफल ठेवले, तो चढाई करणारा. लांब एक फुटाणा ठेवला, तो चेंडू. एका बोटाने फुटाणा ढकलला आणि दुसऱ्या बोटाने टरफल पुढे सरकवले. फुटाणा जागेवर पोहोचला, तेव्हा टरफल बचावपटूच्या कितीतरी पुढे होते. "आता हा कुठं हाय ते इचारू नका. मघाशी कुठं होता ते सांगा."

मघाशी तो बरोबरीला होता. आम्हांला त्या पायरीवर आमचे रान दिसले, आणि तो सडपातळ मुलगा दिसला.

परत आल्यावर आम्ही नियम मुळातून वाचून काढला. ज्या माताभगिनींना आपली मुले टीव्हीसमोर कशासाठी किंचाळतात हे कळत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंगतीत वाढपी येण्याआधीच पातेल्याजवळ जाऊन बसणारा एक इसम प्रत्येक लग्नात असतो. फुटबॉलमध्ये असा इसम गोलाच्या तोंडाशी टपून बसू नये, यासाठी हा नियम. ईटनच्या शाळेत या टपून बसण्याला 'स्नीकिंग', म्हणजे चोरटेपणा म्हणत. सोबत्याने चेंडू खेळला त्या क्षणी आपला गडी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्या पुढे असेल, आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी असतो. हात मोजत नाहीत. डोके, धड, पाय मोजतात. नुसते त्या जागी असणे हा गुन्हा नव्हे; तेथून खेळात भाग घेतला किंवा प्रतिपक्षाला अडथळा केला, तरच गुन्हा. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियमच लागू नाही. हे शेवटचे वाचताना आम्हांला सेमिनरीतले आमचे कित्येक वर केलेले हात आठवले, ते येथे सांगत बसत नाही.

'शेवटून दुसरा' यातही मेख आहे. शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून आपण एकाच बचावपटूकडे पाहतो. पण गोलरक्षक पुढे धावून आला, तर मोजणी पुन्हा दोनांचीच! २०२२ साली कतारमधील विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इक्वेडोरने तिसऱ्या मिनिटाला केलेला गोल याच कारणाने रद्द झाला. यजमानांचा गोलरक्षक पुढे आलेला होता, आणि इक्वेडोरच्या एका खेळाडूचा पाय तेवढा पलीकडे होता.

नियमही एका दिवसात असा झाला नाही. १८६३ साली इंग्लंडमध्ये पहिले नियम झाले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक गडी बाद समजला जाई. १८६६ मध्ये पुढे तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल, असे ठरले. मग न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनसारखे चतुर बचावपटू ऐन वेळी एक पाऊल पुढे सरकून चढाई करणाऱ्याला अलगद सापळ्यात पकडू लागले आणि खेळ निर्जीव झाला. तेव्हा १९२५ साली तिनाचे दोन केले गेले, आणि पुढच्याच हंगामात इंग्लंडच्या लीगमधील गोल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढले. बरोबरीला असलेल्या खेळाडूला मात्र १९९० पर्यंत दोषीच धरीत. त्या वर्षापासून तो निर्दोष ठरला.

आपल्या कबड्डीत मध्यरेषा आणि निदानरेषा जमिनीवर आखलेल्या असतात. पाय लागला की लागला. येथे रेषा माणसांची, आणि माणसे धावत असतात. एका डोळ्याने चेंडूला लाथ बसताना पाहायचे आणि दुसऱ्याने तीस-चाळीस पावलांवरची रांग! कतारला त्यासाठी छताखाली बारा कॅमेरे आणि चेंडूत संवेदक बसवला होता. त्याच स्पर्धेत सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या अर्ध्या खेळात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, आणि अर्जेंटिना तो सामना हरला. आमच्याकडे दोन डोळे होते, त्यांवर चष्मा. पण हे आम्ही सबब म्हणून सांगत नाही. डोळे चांगले असते तरी आम्ही चुकीच्या क्षणीच पाहिले असते.

तो मुलगा पहाटे वडिलांसोबत मांजरीच्या उपबाजारात पालेभाजी उतरवायला जातो, असे कळले. एका पहाटे आम्ही तेथे गेलो. मेथीच्या जुड्यांच्या ढिगाऱ्यामागे तो उभा होता. वडिलांनी आम्हांला पाहून घाईने हात पुसले. घरी काही वाईट घडले की काय, असे त्यांना वाटले असावे. आम्ही त्यांच्यासमोरच मुलाला सांगितले, "तो गोल बरोबर होता. चूक आमची होती."

तो थोडा वेळ जुड्या रचत राहिला. मग म्हणाला, "मग आता गोल धरणार का, फादर?"

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पंचांना निर्णय बदलता येत नाही, हेही आम्ही वाचले होते. तसे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. वडील म्हणाले, "जाऊ द्या, फादर. पोरांचा खेळ." मुलाने वडिलांकडे पाहिले, त्यावरून एवढे समजले की त्याच्या दृष्टीने तो पोरांचा खेळ नव्हता.

त्या रविवारी मिस्साच्या शेवटी विवाहाच्या घोषणा आणि सामूहिक प्रार्थनेची वेळ सांगून झाल्यावर आम्ही तो गोल बरोबर असल्याचे वेदीजवळून जाहीर केले. मागच्या बाकांवरून कोणीतरी टाळी वाजवली, आजीबाईंनी वळून पाहिले. मुलगा खांबाला टेकून उभा होता.

दुपारी तो मैदानावर आला. बूट बांधण्याआधी आमच्या हातातील काठी घेऊन त्याने रुमालाची गाठ घट्ट केली, आणि म्हणाला, "फादर, शेवटच्या गड्याच्या रांगेत उभे राहा. तुम्ही नेहमी बॉलच्या मागं पळता."