बिनआकारी पड

जैसलमेरची पौषातली रात्र हाडांत शिरते, असे एका जाणत्या गृहस्थांनी बजावल्यावरून माळ्यावरच्या ट्रंकेतून तात्यांचा जुना लोकरी कोट खाली काढला, आणि त्याचे अस्तर उलटून पाहताना बोटाला जे बोचले ते कुसळी गवताचे एक काळसर कुसळ होते. सोलापूरकडच्या माणसाला कुसळाचे नवल वाटण्याचे कारण नाही. तरी ते तळहातावर घेऊन मी त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला, आणि तात्यांना जाऊन इतकी वर्षे लोटली असतानाही त्या वाळक्या काडीने अंगातला पीळ सोडीत माझ्या हातावर सावकाश एक गिरकी घेतली. ओल मिळाली की पीळ सुटावा आणि टोकाचे बी मळसूत्रासारखे जमिनीत शिरावे, अशी त्या गवताची योजना असते. कोटाचा धनी गेला तरी ती अबाधित होती.

जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाला जाण्याचा माझा बेत घरच्यांना म्हातारचळ वाटतो, आणि तो अगदीच तसा नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेथे गिधाडे आहेत, चिंकारा आहेत, उन्हाला पाठ देऊन बसणारा सांडा आहे. परंतु मला पाहायचा आहे तो आमच्याकडे माळढोक आणि तिकडे गोडावण म्हणून ओळखला जाणारा एकच पक्षी, आणि तोही पुन्हा. ३१६२ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात कित्येक गावे नांदतात, शेळ्यामेंढ्या चरतात, आणि सेवण गवताचे काही राखीव तुकडे सोडले तर कुंपण म्हणून फारसे काही नाही. सुदासरीच्या अशाच एका तुकड्यात पक्षी दिसण्याचा संभव अधिक. त्यासाठी जैसलमेरच्या वनकचेरीतून परवाना काढावा लागतो. आमच्या सूनबाई या सगळ्या खटपटीत माझ्या मुखत्यार आहेत. समच्या वाळूच्या टेकड्यांपाशी तंबूत मुक्काम, उंटावरची रपेट आणि रात्री शेकोटीभोवती नाचगाणे, हे सारे एकाच दरात मिळते असे त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले. मला एकच नाच पाहायचा होता आणि तो त्या दरात बसणारा नव्हता.

तो मी एकदा पाहिला आहे. तात्या उत्तर सोलापूर तालुक्यात तलाठी होते, आणि पावसाळ्यात पीकपाहणीला निघाले की मला सायकलच्या नळीवर बसवून नेत. बार्शी रस्ता सोडून नान्नजच्या माळाला लागलो असता त्यांनी एकाएकी सायकल थांबविली आणि माझा खांदा दाबला. समोर, फार दूर नव्हे, एक मोठा नर उभा होता: गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार पायांपर्यंत लोंबलेली, शेपूट पाठीवर उलटलेले, पंख खाली सोडलेले, आणि त्या पिशवीतून मधूनमधून असा एक खोल घुमारा निघे की तो कानांपेक्षा पोटाला आधी कळे. कितीतरी वेळ तात्या काही बोलले नाहीत. मग पिशवीतून दप्तर काढीत म्हणाले, “हा सरकारला एक पैसा सारा देत नाही बघ.”

अडचण अशी की हा नाच उन्हाळा-पावसाळ्याचा, आणि माझ्या वयाच्या प्रवाशाला मानवणारी थंडी नाताळानंतरची. शिवाय विणीच्या दिवसांत, वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या दारात जाऊन उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून पौष ठरला. नर दिसला तर नुसता उभा दिसेल.

येथे एक नोंद मध्येच घुसते, तिला माझा इलाज नाही. १८०९ ते १८२९ या काळात मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, असे शिकारीच्या जुन्या दफ्तरात नमूद आहे. मध्यंतरी पेशवाई बुडाली, पण साहेबाच्या हिशेबात खंड पडलेला दिसत नाही. आज साऱ्या पृथ्वीवर हा पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरला असून त्यांतले बहुतेक जैसलमेरच्याच आसमंतात आहेत. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी त्याची तरफदारी केली होती. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोराशी माझे वैर नाही, असे मी म्हणणार नाही.

माझे खरे वैर झाडांशी आहे. सभ्य समाजात हे बोलू नये, कारण वृक्षारोपण हे आपल्याकडे निर्विवाद पुण्यकृत्य आहे. पण उघड्या गवताळ माळावर ओळीने खड्डे खणून, मंत्र्यांच्या हस्ते गिरिपुष्पाची रोपे लावून, चहूकडे नजर पोचल्याखेरीज जीव न रमणाऱ्या पक्ष्याचे घर ज्या उत्साहाने बुजविले गेले तो मी पाहिला आहे. सोलापूर-नगरकडे १९७९ साली तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य कागदावर जाहीर झाले. त्यात लोकांची शेते आली, गावे आली, जमीन विकायची म्हटली की अडथळे आले, आणि ज्या पक्ष्याला शेतकरी पूर्वी सहज खपवून घेई त्याच्या नावाने तो बोटे मोडू लागला. पुढे हद्द आक्रसून सुमारे १२०० वर आणली, तेव्हा आत राखण्यासारखे फारसे उरले नव्हते.

परंतु गवताच्या माळाला रिकामी जागा समजण्याची ही खोड खड्डे खणणाऱ्यांची नव्हे, ती त्याहून जुनी आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची जी पाहणी-आकारणी सुरू केली, तिने मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरविली; ज्या जमिनीतून काहीच येणार नाही ती निराळी काढली, आणि तेव्हापासून तलाठ्याच्या दप्तरात ती बिनआकारी पड म्हणून नांदत आली. तात्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. त्या सुंदर अक्षरात त्यांनी किती माळ अशा रीतीने लिहिले असतील! त्यांच्या त्या वाक्यात मला पुष्कळ वर्षे केवळ थट्टा ऐकू येई. अलीकडे वाटते, सायकल धरून उभ्या असलेल्या त्या महसुली माणसाला आपल्या रकान्यात न मावणारे काहीतरी दिसले होते आणि ते सांगायला त्याच्यापाशी सारा हाच एक शब्द होता.

जैसलमेरकडेही हेच आहे, म्हणून तर मी इतका गुंतलो. तिकडे देवाच्या नावाने राखलेली कुरणे आणि वने आहेत, त्यांना ओरण म्हणतात. तेथे कोणी फांदी तोडीत नाही, गुरे मात्र चरतात, आणि गोडावणही उतरतो. यांतली कित्येक ओरणे दफ्तरी सरकारी पडीक म्हणून लागलेली असल्यामुळे सूर्यशक्तीच्या आणि पवनचक्क्यांच्या प्रकल्पांना ती देणे सोपे जाते. मग मनोरे येतात, तारा येतात; आणि पंधरा किलोपर्यंत भरणारा, समोरचे धड न दिसणारा, ऐन वेळी वळू न शकणारा तो पक्षी तारेवर आदळतो. देगराय मातेच्या ओरणातून अशा तारा गेल्या आहेत. तारा भूमिगत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये तो हुकूम बराच सैल करून बाब तज्ज्ञांकडे सोपविली. समच्या केंद्रात अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे काम चांगले चालले आहे म्हणतात. पण पिल्लांना पुढे सोडायचे ते कोणत्या सर्व्हे नंबरात, हा प्रश्न शेवटी पटवाऱ्याच्याच मेजावर येणार.

तेव्हा बेतात एक दिवस वाढविला आहे. सुदासरीनंतर जैसलमेरच्या तहसिलात जाऊन देगरायच्या ओरणाची जमाबंदी पाहायची, खसऱ्याचे क्रमांक उतरून घ्यायचे, आणि जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात काय शब्द घातला आहे तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. सूनबाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तंबूवाल्याचा फोन बाजूला ठेवला.

“बाबा, तहसिलात परवाना लागतो का?”

“परवाना नाही, नक्कलेचा अर्ज. फी किती पडते ते विचारून घे.”

त्यांनी उंटाच्या रपेटीवर काट मारून खाली ते लिहून घेतले.