वाचता आलं नाही, तरी ते अक्षरच

चि. वसुधा,


तुझा लेख वाचला आणि राहवेना. चिनी सुलेखनकार वांग तुंगलिंग यांच्या 'लुआनशू'वर, म्हणजे त्यांच्या त्या गुंताळ्यासारख्या लेखनावर, तू इतक्या जिव्हाळ्याने लिहिलंस आणि शेवटी एका वाक्यात सगळ्यावर बोळा फिरवलास: अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा हे शुद्ध अमूर्त चित्र. हे तू लिहावंस?

वाचता न येणं वेगळं आणि अक्षर नसणं वेगळं. वांग जुने ग्रंथ, बौद्ध सूत्रं लिहितात. ओळी एकमेकींवर चढतात, अक्षरं एकमेकांत घुसतात, पण त्यांच्या मुळाशी फटकाऱ्यांचा ठरलेला क्रम असतो. तो चिनी मुलाच्या हातात शाळेपासून मुरलेला असतो, म्हणून अर्थ लागला नाही तरी पाहणारा मनातल्या मनात कुंचल्यामागे जातो. आठव्या शतकातल्या ह्वायसूची 'वेडी' शीघ्रलिपी आजही कितीतरी चिनी माणसांना वाचता येत नाही. म्हणून ती सुलेखन नाही असं तिथे कोणी म्हणत नाही. यान चनछिंगने बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी ७५८ साली लिहिलेला शोकलेखाचा खर्डा नीट बघ. शाई संपत येते, रेघ कोरडी होऊन फाटते, मग बुडवून काढलेला कुंचला जाड, काळाभोर उमटतो. मध्येच शब्द खोडलेले. लिहिणारा कुठे अडला, कुठे सुसाट गेला, सगळं कागदावर आहे. शुआन कागदात शाई शिरली की दुरुस्ती नाही. तू वांग यांची अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइनशी तुलना केलीस. पण क्लाइन काळ्यावर पांढरा रंग चढवून आकार बदलत असे. दिसायला सारखं, घडण निराळी.

तू म्हणशील, सुलेखनकार कू कान आणि सोबत्यांनी १९८५ साली बीजिंगमध्ये आधुनिक सुलेखनाचं प्रदर्शन भरवलं, त्यामागे पाश्चात्त्य चित्रकला होतीच. होती, मान्य. पण प्रभाव घेतला म्हणून मूळ पुसत नाही. चिनी कलावंत शू बिंग यांचा 'आकाशग्रंथ' घे: लाकडात कोरून छापलेली सुमारे चार हजार अक्षरं, एकही खरं नाही. चिनी वाचक त्यापुढे अस्वस्थ होतो, कारण डोळा वाचायला धावतो आणि आपटतो. नुसते आकार असते तर इतकं बोचलं नसतं. राहिला चिनी न येणारा माणूस. त्याला हे अमूर्त वाटेल, वाटू दे. पण पाहणाऱ्याचं अज्ञान हा कलाकृतीचा गुण कसा ठरेल?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. चीनमध्ये आता बहुतेक लेखन फोनवर होतं. उच्चार रोमन अक्षरांत टाकायचा आणि पुढे आलेल्यातून अक्षर निवडायचं. पेन हाती घेतलं की अक्षर आठवत नाही, ही तक्रार तिथली शिकलेली माणसंच करतात. हातातला क्रम गेला तर वांग यांच्या कागदावर त्यांच्याच लोकांना नुसती काळी जाळी दिसेल, आणि तुझं वाक्य खरं ठरेल. ते इतक्यात खरं करू नकोस. पुस्तकात हा लेख घेणार असशील तर शेवट बदल. तुला वाचणारी मुलं तुझा शब्द प्रमाण मानतात, म्हणूनच जीव टांगणीला लागतो.

तुझा,
नानाकाका