मालकाची खुर्ची

कोंबडीच्या नशिबी फार तर रस्सा असतो, कीर्ती नसते. पण ७ मे २०१२ रोजी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावी एका कोंबडीने ती मिळवली. फुटबॉलचा सामना चालू असताना कुणीतरी तिला स्थानिक संघाचे निशाण पांघरून मैदानात सोडून दिले. त्या रात्री ब्लॅकबर्न रोव्हर्स हा संघ हरला आणि इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतून खाली घसरला. पण दुनियेच्या लक्षात राहिली ती कोंबडीच!

कोंबडीच का, याचे उत्तर आमच्या पुण्यात आहे. कोंबड्या आणि अंडी यांच्या व्यापारात नाव कमावलेल्या पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा संघ सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता. पुणेकराला अभिमान बाळगायला तसे फारसे कारण लागत नाही. इथे तर चांगले भरभक्कम कारण होते. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या विणकरांचे माग थंड पाडले, ज्या विलायती कापडाची १९०५ साली पुण्यात होळी झाली, त्याच मुलखातला संघ पुण्याच्या मालकीचा झाला! इतिहासालाही कधीकधी विनोदाची लहर येते, असे तेव्हा मला वाटले.

पण संघ विकत घेणे म्हणजे नेमके काय घेणे? रोव्हर्सचा जन्म १८७५ चा. १८८८ मध्ये ज्या बारा संघांनी मिळून फुटबॉलची पहिली लीग उभी केली, त्यांत तो होता. त्या गावात आजोबांचा हात धरून सामन्याला गेलेला नातू पुढे आपल्या नातवाला घेऊन त्याच मैदानावर जातो. पैसे मोजून भाग विकत मिळतात. हे कसे मिळणार? देवस्थानाचे विश्वस्त होता येते, देवाचे मालक होता येत नाही. फुटबॉलसंघाचेही काहीसे तसेच आहे.

विश्वस्ताच्या हाती सत्ता मात्र अफाट असते. नव्या मालकांनी महिन्याभरातच सॅम ॲलरडाइस या मुरलेल्या व्यवस्थापकाला निरोप दिला. संघ खाली घसरल्यानंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले; त्यांच्यानंतरचे गृहस्थ ६७ दिवस. आमच्याकडे घरगड्यालाही याहून अधिक मुदत मिळते! बर्ग न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये क्लबला साडेबावीस लाख पौंड भरपाई द्यावी लागली. २०१७ साली संघ तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. पुढच्याच वर्षी तो एक पायरी वर चढला, एवढेच समाधान.

मालक कंजूष होते असे मात्र कुणी म्हणू नये. तोट्यातल्या संघात त्यांनी वर्षानुवर्षे कोट्यवधी पौंड ओतले. २०२३ नंतर तर ते पैसे धाडण्यासाठी त्यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. मग एवढे ओतूनही पदरी शिव्याच का?

याचे उत्तर मला जॅक वॉकर यांच्याकडे सापडते. हे ब्लॅकबर्नचेच. वडिलांचा पत्र्याचा लहानसा धंदा त्यांनी वाढवला, विकला आणि १९९१ मध्ये गावाचा संघ हाती घेतला. त्यांनीही पैशाच्या थैल्या मोकळ्या केल्या आणि १९९५ मध्ये संघ देशाचा विजेता झाला. विजेतेपद विकत घेतले, असा टोमणा त्यांनाही ऐकावा लागला. पण गावाने त्यांचा पुतळा उभारला. पैसा दोघांचाही होता; पण वॉकर गावाला दिसत होते. सामन्यांना ते येत असत. दिसणाऱ्या माणसावर रागावता येते, आणि म्हणूनच त्याला क्षमाही करता येते.

पुण्याचे मालक तिकडे फारसे फिरकले नाहीत, वृत्तपत्रांशीही क्वचितच बोलले. मालकाची खुर्ची रिकामी राहिली की तिथे बातमीदार येऊन बसतो. सल्ला कोण देतो, पैसा कुठून येतो, हे सारे तो उकरतो. विलायती वार्ताहरांच्या कोंबडीवरच्या कोट्यांत परक्याविषयीचा तुच्छतेचा वास येई, आणि तो मला झोंबत असे. पण कोट्या बाजूला सारल्यावर जो प्रश्न उरे तो खरा होता: ‘आमच्या संघाचे तुम्ही काय करणार आहात?’ हा प्रश्न बातमीदाराचा नव्हे, त्या आजोबांचा होता. २०२५ मध्ये इंग्लंडात कायदा झाला. मालकांची पारख करायला स्वतंत्र नियामक आला, संघाचे चिन्ह आणि रंग बदलायला बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा लागेल असे ठरले. ठीकच झाले. पण खुर्चीत येऊन बसा, असे कोणता कायदा सांगणार?

अशा वेळी मला १९३१ साल आठवते. स्वदेशीच्या बहिष्काराने लँकेशायरच्या गिरण्या आणखी अडचणीत आल्या होत्या, कामगार बेकार होते. आणि त्या बहिष्काराचे धनी महात्मा गांधी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला स्वतः गेले. त्यांनी पैसे दिले नाहीत, बहिष्कार उठवण्याचे वचनही दिले नाही. त्या लोकांचे ऐकले, आणि आपल्या देशातली उपासमार त्यांना सांगितली. गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला. त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्या बायकांच्या पोटावर पाय आला होता, तरी त्या हसत होत्या. तो माणूस त्यांच्या दारी आला होता, एवढेच त्यांना पुरेसे होते.