पाऊणशे टक्के

मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की हवेत ओल किती आहे हे निराळं विचारावं लागत नाही. साधं खाण्याचं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. या हट्टी स्वभावाचा मला फार उपयोग होतो. आर्द्रता दाखवणारी छोटी डिजिटल मीटरं मिळतात, त्यांतली बरीचशी थापाडी. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओलसर करायचं, पण विरघळू द्यायचं नाही. मग ते बूच आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझं मीटर ७१ दाखवतं, त्यामुळे मी मनातल्या मनात चार मिळवते.

हा सगळा खटाटोप ऑर्किडसाठी. पुण्यात हल्ली ते घरोघर दिसतं. वास्तुशांतीच्या भेटीत येतं, नर्सरीत ओळीनं मांडलेलं असतं. बहुधा फॅलेनॉप्सिसचं संकरित रोप. घराणं फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचं, झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं. मातीशी त्याचं देणंघेणं नाही. साल, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढंच कुंडीत असतं, आणि त्यातूनही निम्मी मुळं बाहेर डोकावत असतात. ती जवळून पाहावीत. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. तो पांढरा थर मेलेल्या पेशींचा असतो, शास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. टीपकागदासारखं पाणी टिपून घ्यायचं आणि ओलं झालं की आतला हिरवा गाभा दिसू द्यायचा, एवढंच त्याचं काम. पाणी कधी घालायचं ते मूळच सांगतं. मीटर लागतं ते हवेसाठी, आणि नेमकी इथेच लोकांची गल्लत होते. पानं सुरकुतली, कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, की माणूस कुंडीत तांब्याभर पाणी ओततो. पण हवेतली उणीव कुंडीत भरून निघत नाही. मुळं तेवढी कुजतात, आणि कुजकी मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून पानं आणखी सुरकुततात.

आपल्या हवेला खोड एकच. तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. २० अंशांना घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३०, आणि ३८ अंशांना ४६. एप्रिलमध्ये पुण्यात पहाटे २० अंशांवर ६० टक्के आर्द्रता असली, तर हवेत थेंबभरही पाणी कमी न होता दुपारी ३८ अंशांवर ती २१-२२ टक्क्यांवर येते. फॅलेनॉप्सिसला बरी असते ५० ते ७०. मग अशा हवेत फॅलेनॉप्सिस तगते कशी? तिची पर्णरंध्रं बहुतेक रात्री उघडतात. कार्बन डाय-ऑक्साइड रात्रीच्या गारव्यात साठवून ठेवायचा आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याचं अन्न करायचं, असा तिचा संसार. म्हणून भर दुपारचा आकडा पाहून मी घाबरत नाही, रात्रीचा बघते. एसी सुरू असेल तर मात्र तोही घसरतो. बाहेरच्या नळीतून टपटपणारं पाणी आपल्याच खोलीतल्या हवेतून गेलेलं असतं.

उपाय म्हणून सगळे आधी स्प्रेची बाटली आणतात. फुसफुस केलं की आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मीटर दोन-चार टक्के उडी मारतं आणि चहा होईतो जागेवर येतं. खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीचाही फार गाजावाजा आहे. तिचा परिणाम जेमतेम कुंडीच्या काठापर्यंत. भरल्या खोलीवर काही नाही. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तर पानांतून सुटणारी वाफ घोळक्यातच थोडी रेंगाळते. उन्हाळ्यात संध्याकाळी ओल्या फडक्यानं फरशी पुसली तर खोलीच बदलते. आपल्या अंगणात सडा घालत त्यात हे शहाणपण होतंच. १९व्या शतकात इंग्लंडच्या चॅट्सवर्थमध्ये मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं काचघरांच्या वाटांवर पाणी शिंपडायला लावलं ते याचसाठी. त्याआधीचे शौकीन उष्ण प्रदेशातलं झाड म्हणून ऑर्किडं बंद काचघरात भट्टी पेटवून वाफवत, आणि ती पटापट मरत. पॅक्स्टननं खिडक्या उघडल्या. दमट आणि कोंदट यांतला फरक पॅक्स्टनला कळला होता.

तो फरक आपल्याला जुलैत कळतो. मीटर नव्वदीत, पापड सादळलेले, कपाटातल्या चपलांवर बुरशी. तेव्हा ऑर्किडला ओलावा कमी पडत नाही, वारा कमी पडतो. पानांच्या बेचक्यात, शेंड्याशी पाणी साचून रात्रभर राहिलं की शेंडा कुजतो, आणि या झाडाला बहुधा शेंडा एकच असतो. म्हणून पाणी सकाळीच द्यायचं, बेचक्यातलं कागदाच्या टोकानं टिपून घ्यायचं आणि पंखा लावायचा.

पंख्यावरून आमच्या घरात वाद आहे. खोलीत माणूस नसताना पंखा फिरताना दिसला की सासूबाई येता-जाता बंद करतात, मी येता-जाता लावते. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. "आमच्या आंब्यावर सीतेची वेणी फुलायची, तिला कोण गो पंखा लावीत होतं?" सीतेची वेणी हेही ऑर्किडच, तेव्हा मुद्दा बिनतोड आहे. सह्याद्रीतल्या कित्येक आमऱ्या, म्हणजे आपली ऑर्किडं, तर पावसाळा सरल्यावर महिनोन्‌महिने सरीवाचून काढतात. काही डेंड्रोबियमं पानं टाकून नुसत्या काटक्या होतात आणि त्या उघड्या काटक्यांवरच फुलतात. पण सासूबाईंच्या आंब्याला चार भिंती नव्हत्या आणि खाडीवरचा वारा फुकट होता, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मग तो टेबलावरचा लहान लाव, छताचा कशाला?" म्हणाल्या. सध्याचा तह असा, की टेबलफॅन चालेल, पण एकवर, आणि तोंड भिंतीकडे. झाडावर थेट झोत नको असतो, त्यामुळे भिंतीकडचं तोंड मला आयतंच सोयीचं पडलं आहे. ते मी त्यांना बोललेले नाही.